आजोबांसकट

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचे! लिलावघराच्या मागच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळाल्यात, त्यांत सामान टाकलं. आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं. बरोबर आणलं तर ही तऱ्हा: वाटेत टेम्पोवाल्याशी भांडले, इथे आल्यावर गळक्या नळाशी. उभा जन्म दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेला, त्यामुळे जग लबाड आहे ही त्यांची ठाम समजूत. पण लिलावाच्या दालनात शिरले आणि हरखलेच. एक लाकडी पाय, नुसत्या डाव्या हातमोज्यांची ट्रंक, पेंढा भरलेलं मुंगूस. संध्याकाळपर्यंत एकेक वस्तू उचलून बघत होते. किती महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं. इथे आमचं बरं चालेल.

गुरुवार, ६ मार्च

काम सोपं आहे. आलेली वस्तू पुसायची, चिठ्ठी बांधायची, मांडून ठेवायची. मालक स्वतःच पुकारतात. त्यांना सगळे ‘तीनवार’ म्हणतात, कारण दुसरा चहा घ्यावा की नाही हेही ते ‘एक वार, दोन वार’ करून ठरवतात. इथला नियम एकच: चौथऱ्यावरून जे बोललं आणि ज्यावर हातोडा पडला, ते विकलं. म्हणून ‘फुटक्या झाकणासकट’, ‘किल्लीविना’ असं तोलूनमापून बोलतात. एकदा एक कपाट ‘आतल्या मालासकट’ गेलं, त्यात हमालाचा जेवणाचा डबाही गेला. घेणाऱ्याने काही तो परत दिला नाही. भाजी कोणती होती, हे बाबा त्या बिचाऱ्याला रोज नव्याने विचारतात.

रविवार, ९ मार्च

माझा पहिला लिलाव! मुंगूससुद्धा खपलं. शेवटी राहिली एक उंच पाठीची हातांची खुर्ची. ती कुणी पाठवली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बोली लावायलाही कुणी तयार होईना. दिवसभर उभे राहून दमलेले बाबा नेमके तिच्यातच बसले आणि घोरायला लागले. लोकांना हसू आवरेना. तीनवारही रंगात आले आणि म्हणाले, घ्या, आजोबांसकट! दाराजवळच्या एका राखाडी कोटवाल्याने हात वर केला. एक वार, दोन वार, तीन वार. हातोडा पडला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पावती करायला गेले तर तो माणूस कुठेच नाही. बाबांना उठवून सगळं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की किंमत तरी बरी आली ना.

मंगळवार, ११ मार्च

बाबा त्या खुर्चीतून उठत नाहीत. पाठीला बरं वाटतं म्हणतात. जेवणही तिथेच. आज भाजीवाल्याने डोळ्यांदेखत काटा मारला, पण बाबा बघत राहिले आणि चक्क हसले. मला ते मुळीच आवडलं नाही.

बुधवार, १२ मार्च

खुर्ची कोपऱ्यात सरकवायची होती म्हणून बाबांना उठवलं. दोन हमालांना ती रिकामी खुर्ची तसूभर हलेना. मनात शंका आली म्हणून बाबांना मालाच्या काट्यावर उभं केलं. काटा जागचा हलला नाही. बाबांनी वाकून, चष्मा सावरून नीट बघितलं आणि म्हणाले, काटा बरोबर आहे, पोरी. मग पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

गुरुवार, १३ मार्च

तीनवारांना काट्याचं सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. हातोडा पडल्यावर माल घेणाऱ्याचा, तो सोडेल तरच सुटेल, असं म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, असं म्हणत कपाळ बडवून घेतलं. त्याचा मला काय उपयोग!

बाबांना घेऊन गाव सोडायचं ठरवलं. रस्त्याच्या वळणापर्यंत माझा हात धरून आले. तिथे त्यांचे गुडघे वळेनात. हात हातात घेतला तर टणक, लाकूड लागावं तसा. उलटं फिरवलं तेव्हा चालायला लागले.

शुक्रवार, १४

मला ‘अहो बाई’ म्हणाले. खुर्ची कधी नेणार, असं विचारलं—

मी आईचं नाव घेतलं. कोण, म्हणाले.

शनिवार

तो आलाय. भर दुपारी, तोच कोट. दोरखंड बरोबर आणलाय. मी त्याचे पाय धरले. बाबांना सोडा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, म्हातारा का तरुण याच्याशी मला देणंघेणं नाही, खुर्ची रिकामी नको एवढंच. हमाल दाराची दुसरी फळी काढताहेत, तोवर—

बाबांना उठवलं. मी बसले.

वही मांडीवर आहे. बाबा समोर उभे. गालांवर रंग येतोय— मला नावाने हाक मारली! त्या माणसावर ओरडताहेत, शिव्या घालताहेत. असेच ओरडा, बाबा. देवा, किती बरं वाटलं.

आता माझे दोन्ही दंड धरून ओढताहेत. ऊठ, ऊठ म्हणताहेत, रडताहेत. त्यांचे हात गरम आहेत. उठायला हवं, कळतंय मला. पण पाठीला इतकं बरं वाटतंय— आणि हे म्हातारे गृहस्थ का रडताहेत, कुणीतरी त्यांना जरा बाजूला—