अकराव्या रकान्याचा खुलासा

प्रति,
मा. सदर (अध्यक्ष) साहेब,
विलायत-तालीम निवड कमिटी, जिल्हा नांदेड,
मुक्काम नांदेड.

अर्जदार : सौ. सौदामिनी भ्र. रेणुकादास कंधारकर, शिक्षिका, मुलींची मराठी शाळा, नांदेड.

विषय : विलायतेतील एका टर्मच्या तालिमीसाठी माझे नाव पाठविण्याबाबत, आणि अर्जाच्या अकराव्या रकान्याबाबत.

संदर्भ : १) माझी दरखास्त, ता. ४ बहमन १३४७ फसली.
२) कमिटीचा जबाब, ता. १९ फरवर्दी : "अर्जदार व्रतांची पक्की, सबब नालायक."
३) कमिटीचा जबाब, ता. २ तीर : "अर्जदार व्रतांची कच्ची, सबब नालायक."

महोदय,

१. वरील दोन्ही जबाब एकाच टेबलावरून, एकाच सहीने आलेले आहेत. दोन्ही मी जपून ठेवले आहेत. रोज सकाळी पोथी वाचून झाली की एकदा तेही वाचते. पोथीचा अर्थ लागतो.

२. विलायतेतील एका ट्रेनिंग कॉलेजात मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला कसे शिकवावे, याची एक टर्म असते. आपल्या जिल्ह्यातून एक नाव पाठवायचे आहे. ते शहरेवर अखेर हैदराबादेस पोचले पाहिजे, कारण बोट पुढच्या महिन्यात, मेहेरमध्ये, सुटते. आज शहरेवरची बारा. कमिटीला विचार करायला अठरा दिवस उरले आहेत. याआधी सात महिने होते, ते कमिटीने कशात घालवले ते कमिटीला आठवत नसल्यास मी पुढे क्रमाने लिहिते.

३. प्रथम मुलाखतीविषयी. आपण तीनदा म्हणालात, "बाई, मोठ्यानं बोला." मी तीनदा बोलले. डोक्यावरचा पंखा करकरत होता. तो ओढणाऱ्याला घटकाभर थांब म्हणावे, असे पाचांपैकी एकाही साहेबांना सुचले नाही. मिसलीत, म्हणजे माझ्या फायलीत, शेरा पडला, "आवाज नाही." आवाज लहान आहे हे मला कबूल. लहानपणापासून तो तेवढाच आहे आणि तेवढ्यात माझा संसार अन् शाळा दोन्ही चालतात. पण मला बहिऱ्या मुलींना शिकवायचे आहे. त्यांच्यापुढे साहेबांनी स्वतः येऊन ओरडून पाहावे. माझा आवाज आणि साहेबांचा आवाज तिथे एकाच तोलाचा ठरेल.

४. त्या मुली चार आहेत. शाळा सुटल्यावर माझ्या घरच्या ओट्यावर बसतात. त्यांपैकी सिंधु ही आठ वर्षांची, अर्धापूरच्या हणमंतरावांची मुलगी. त्यांची केळीची बाग आहे. ते बाजाराच्या दिवशी केळ्यांच्या गाडीतच तिला आणतात आणि माझ्याकडे सोडतात. दोन वर्षांत ती माझ्या ओठांकडे बघून "आई" म्हणते, "मामा" म्हणते, "बाबा" म्हणते. जे अक्षर ओठांवर दिसते ते तिने घेतले. जे घशात होते ते तिला दिसत नाही. बापाच्या बागेतल्या फळाला ती "एळं" म्हणते. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून मी हजारदा "क" म्हटला असेल. ती हात ठेवते, माझ्या तोंडाकडे बघते, आणि पुन्हा "एळं" म्हणते. मग तिलाच कळते की चुकले, आणि ती मान खाली घालते. चूक तिची नाही. घशातले अक्षर कसे दाखवायचे ते मला येत नाही. ते शिकायला मी जाते आहे. समुद्र बघायची हौस मला नाही.

५. आता अकरावा रकाना. छापील अर्जात त्या ठिकाणी विचारले आहे : "आपण रोज न चुकता काय काय करता, ते लिहावे." मला विचारले, मी लिहिले. सकाळी उठल्यावर घटकाभर मौन. तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी घेत नाही. सूर्य पाहिल्याशिवाय जेवत नाही. संध्याकाळी देवापुढे समई. रोज नाही पण दर आठवड्याला म्हणून शेवटी मंगळवारचा रेणुकामातेचा उपवासही लिहिला. आपल्या कचेरीतील अहलकार माणिकप्पा यांनी अर्ज घेताना कपाळाला हात लावला. "बाई, एवढं कोणी लिहितं का हो? दोन ओळींची जागा, तुम्ही पोथी उतरून काढलीत!" मी म्हटले, विचारले आहे ना? ते म्हणाले, "विचारतात हो. वाचतात कुठं?"

माणिकप्पांची इथे चूक झाली. कमिटीने वाचले. बाकीचे एकवीस रकाने सोडून तेवढेच वाचले.

६. मौनाबद्दल हुकूम झाला की अर्जदार मुकी नसल्याचा डॉक्टरांचा दाखला आणावा. मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी "आ" करायला लावले, मी केले. त्यांनी विचारले, "हे कशासाठी?" मी सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. दोनदा सांगूनही त्यांना खरे वाटले नाही, तरी दाखला दिला. तो मिसलीत आहे. मुक्या मुलींना शिकवायला निघालेली बाई मुकी नाही, हे आता शिक्क्यानिशी सिद्ध आहे.

७. तुळशीबद्दल कागद बागांचे खाते पाहणाऱ्या महकम्याकडे गेला. झाड मुलखाबाहेर नेण्यास हरकत आहे काय? महिन्याने माळी आला, झाड मोजले, "वीतभर अन् चार बोटे" असे लिहून नेले. तो कागद तीन टेबले फिरून मंजुरीला येईपर्यंत इस्फंदार महिना गेला. मग दुसरा माळी पडताळणीस आला. तोवर झाड वीतभर अन् सात बोटे झाले होते. माप जुळत नाही म्हणून कागद परत. माझ्याकडे लेखी खुलासा मागितला की अर्जदाराने झाड बदलले काय. साहेब, मी झाड बदलले नाही. त्याला रोज पाणी घातले. तेच तर अकराव्या रकान्यात लिहिले होते.

८. सूर्याचा प्रश्न कमिटीने फार खोलात जाऊन हाताळला. पूर्वी कधी नऊ दिवस विलायतेस राहून आलेले एक पेन्शनर गृहस्थ शोधून काढले. त्यांनी लिहून दिले, "तिकडे सूर्य नाही." तेव्हापासून नांदेडच्या दफ्तरात इंग्रजांच्या मुलखाला सूर्य नाही. त्यावर शेरा असा : "अर्जदार उपाशी मरेल, सरकारास कमीपणा येईल." गेल्या श्रावणात इथे झड लागली होती. अडीच दिवस गोदेवर सूर्य दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ढगातून चवलीएवढा दिसला, मी हात जोडले, पाटावर बसले. त्या अडीच दिवसांत शाळेची एक घटका बुडवली नाही. हजेरीपट आपल्याच महकम्यात आहे, पाहता येईल. माझ्या उपाशी मरण्याची काळजी कमिटीने तेव्हा केली असती तर पटली असती.

९. समईबद्दल "जहाज जाळण्याचा संभव" असे लिहिले गेले. मंगळवारबद्दल विचारणा आली की बोट चालती असताना मंगळवार नांदेडचा धरणार की विलायतेचा. या पत्रावर पाच सह्या आहेत. पाच शिकलेली माणसे टेबलाभोवती बसून माझ्या मंगळवारचा विचार करीत होती, हे वाचून मला क्षणभर भरून आले. उत्तर इतकेच की बोटीवरचे लोक ज्या दिवसाला मंगळवार म्हणतील त्या दिवशी मी जेवणार नाही. देवीने आजवर मला वेळ विचारलेली नाही.

इतके होऊन फरवर्दीत पहिली नामंजुरी आली : व्रतांची पक्की.

१०. आमच्या सासूबाई, केवळाबाई, यांचे वय सत्तर. त्या जबाब वाचून घेऊन म्हणाल्या, "अगं, समुद्र मागाहून ओलांड. आधी त्या कचेरीचा उंबरा ओलांडून दाखव." पण त्यांनीच वाट काढली. त्या मला घेऊन माहूरला गेल्या. तिथल्या वृद्ध गुरुजींना मी सगळे सांगितले. त्यांनी हसत लिहून दिले : "प्रवासात व परमुलखात जे साधेल ते करावे, न साधेल ते मनाने करावे. देवी तिथेही आहे." चार ओळी, तेवढ्याच वेळात. शिक्का नाही, जावक नंबर नाही. तो कागद मी कमिटीस सादर केला. समजूत अशी होती की आता अडचण सरली.

तीरमध्ये दुसरी नामंजुरी आली : "जी बाई वर्षानुवर्षांची व्रते चार ओळींच्या चिठ्ठीवर सोडावयास तयार होते, तिच्या शब्दाचा भरवसा काय?" व्रतांची कच्ची.

मी एकही व्रत सोडलेले नाही, आणि चिठ्ठीत सोडा असे लिहिलेलेही नाही. चिठ्ठी मोडीत नसून स्वच्छ बाळबोध आहे.

११. दरम्यान मी एक आगळीक केली, ती कबूल करते. कमिटीच्या सर्व शंका मी आमच्या यजमानांकडून इंग्रजीत लिहवून थेट त्या कॉलेजच्या मोठ्या बाईंना पाठवल्या. उत्तर पावणेदोन महिन्यांत आले. बाई लिहितात : "इथे सूर्य कमी असतो, पण असतो. तुमच्या खोलीची खिडकी पूर्वेला उघडते. रोप काचेच्या घरात राहील. दिव्याला काच लावा. सकाळी तुम्ही बोलत नाही, हे फार चांगले, इथे सकाळी सगळ्याच फार बोलतात. घशातल्या अक्षरांचे विचारले आहे, ते पहिल्याच महिन्यात शिकवतो." हे शेवटचे वाक्य यजमानांनी वाचले तेव्हा सिंधु ओट्यावर बसली होती. मी तिला खुणेने सांगितले. तिने लगेच माझ्या गळ्यावर हात ठेवला. तिला वाटले, मला आलेच.

१२. आता ऐकण्यात आहे की कमिटी श्री. बसवंतराव यांचे नाव पाठवणार. ते मुलांच्या शाळेत कवायत शिकवतात. माणूस भला आहे. त्यांचा आवाज फाटकापर्यंत जातो, असा शेरा आहे, आणि तो खरा आहे. मी फाटकाबाहेर उभी होते, ऐकला. त्यांनी अकराव्या रकान्यात "काही नाही" असे लिहिले. मुलाखतीत पानाची पिंकदाणी दोनदा मागवली. त्यांना बहिऱ्या मुलांचे काय शिकणार असे विचारल्यावर, "तिथं गेल्यावर बघू की," म्हणाले. कमिटीस हे उत्तर मोकळे व मर्दानी वाटले, असे मिसलीत आहे.

१३. परवा माणिकप्पा घरी आले. बिचारे चांगुलपणाने आले. कोरा अर्ज घेऊन आले, म्हणाले, "बाई, नवीन भरा. अकराव्यात 'काही नाही' लिहा, मी सगळ्यात वर ठेवतो. साहेब म्हणालेत, एवढं केलं तर सही करतो. कोण बघायला येतंय तिथं तुमची तुळस?" म्हणजे सात महिन्यांनंतर कमिटीला माझ्या मौनाचे, सूर्याचे, समईचे काही वाटत नाही. फक्त ते कागदावर नको. मला हे आधी कोणी सांगितले असते तर दोन माळ्यांचे हेलपाटे वाचले असते.

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. माणिकप्पांना चहा दिला, ते पीत होते तेवढ्यात अर्ज भरला. तो सोबत जोडला आहे. अकराव्या रकान्यात पूर्वीचे पाचही नेम जसेच्या तसे लिहिले आहेत. शिवाय एक गोष्ट मी रोज न चुकता करते, ती पहिल्या अर्जात लिहायची राहून गेली होती. तिला कधी नेम म्हणून मोजले नव्हते, म्हणून आठवली नाही. ती सहावी म्हणून लिहिली आहे : "खोटे लिहीत नाही."

हिच्यासाठी बोटीवर जागा लागत नाही, जहाज पेटत नाही, माळी पाठवून मापही घ्यावे लागत नाही. ही विलायतेत चालते किंवा कसे याची चौकशी कमिटीने खुशाल करावी, पण अठरा दिवसांत करावी.

१४. सबब विनंती की माझे नाव पाठवावे. पाठवायचे नसल्यास नामंजुरीचे कारण या वेळी सहाव्या नेमासमोर, साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहावे. तो कागद मी सिंधूच्या वडिलांना वाचून दाखवीन. त्यांना माझा आवाज ऐकू येतो.

कळावे, मिसलीत 'आवाज नाही' असे नोंदलेली,

सौदामिनी भ्र. रेणुकादास कंधारकर
मुक्काम नांदेड, ता. १२ शहरेवर १३४७ फसली

सोबत :
१) नवा अर्ज, सर्व रकाने भरून.
२) माहूरच्या गुरुजींची चिठ्ठी, पुन्हा एकदा, वाचण्यासाठी.
३) कॉलेजच्या बाईंचे पत्र व यजमानांनी केलेला तर्जुमा.
४) तुळस जोडलेली नाही. आज सकाळी ती वीतभर अन् अकरा बोटे होती. उद्याचे लिहून देता येत नाही.