दोनदा वळलेली बोट

गुरुवार, संध्याकाळ

मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले होते. बंदरात एक बोट काटकोनात वळली, थांबली, पुन्हा तेवढीच वळली. तोंड थेट उलट, म्हणजे उणे! संमिश्र संख्यांतल्या 'आय' (i) या संख्येला 'आय'नेच गुणलं की उणे एक का येतं, ते समोर पाण्यावर.

अकरावीतल्या सानिकाने हेच विचारलं होतं. "बाई, वर्ग करून उणे येतंच कसं?" मी म्हटलं, "पाठ कर." इतकी वर्षं साइन-कोसाइनचे कोन शिकवतेय, आणि 'आय'ने गुणणं म्हणजे काटकोनात वळणं, हे मलाच आज कळावं?

सानिकाची आई तिथेच बांगडे विकत बसलेली. म्हणाली, "पोरीन गणित सोडलान, बाई. डोकाच नाय तिला."

ती बोट अजून समोरच होती. बोलायला हवं होतं. बाईंसाठी म्हणून तिने दोन बांगडे जास्तीचे घातले.

मी ते घेतले.