अकरा-अकरा फूट

२० ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ७
संकल्प : रविवारपर्यंत स्टिरिओ बसवणे. जमनाची बहीण धनीबाई घाटंजीहून येते आहे. दोघींच्या आईची, म्हणजे माझ्या सासूबाई बिजलीबाईंची, एकच कॅसेट उरली आहे. श्रावणातल्या तीजेच्या सणाची गाणी. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती कुणी ऐकलेली नाही. वाजवायला काही नव्हतं. आता जुना सेट आणला आहे. जमनाला शब्द दिला : आई समोर बसून गाते आहे असं वाटेल. ती म्हणाली, "आवाज आला तरी पुरे."
ध्येयाचा फरक.

दुपारी १
अँप्लिफायर डाव्या कोपऱ्यात, कारण प्लग पॉइंट तिथेच. डाव्या स्पीकरला वायर चार फूट, उजव्याला अठरा. हा उघड अन्याय आहे. एकाच्या दारात नळ, दुसऱ्याने विहिरीवर जायचं? मारेगावपासून केळापूरपर्यंत समतेवर भाषणं दिली. ती स्वतःच्याच बैठकीत मोडू?

२१ ऑगस्ट
दुकानदार बबनराव म्हणाले, "सर, करंटले चार फूट काय अन् अठरा फूट काय, सारखंच." माणूस भला, वाचन कमी. चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, "तुमचं बराबर हाय सर. मले शटर पाडू द्या."
विचार पटला.
चार अधिक अठरा, बावीस. बावीस फूट वायर घेतली आणि मधोमध कापली. अकरा-अकरा. कात्री चालवताना ऊर भरून आला.

२२ ऑगस्ट
उजवी वायर सात फूट कमी पडते.
जमना बघून म्हणाली, "आता भिंत सरकवा."
दोष वायरचा नाही, अँप्लिफायरच्या जागेचा. सत्ता कोपऱ्यात बसली की असंच होतं. ती मध्यावर हवी.

२३ ऑगस्ट
भिंतीचा मध्य म्हणजे नेमका पुढचा दरवाजा. अँप्लिफायर स्टुलावर, स्टूल उंबरठ्यात. कोपऱ्यातून एक्स्टेंशन बोर्ड ओढला. त्याची वायर जरा ताणलेली आहे, चालेल. घरातल्यांनी दोन दिवस मागच्या दाराने यावं-जावं. जमनाची तक्रार : "माह्याच घरात मी चोरावानी मांगून येऊन राह्यली."
सुधारणेला विरोध घरातूनच सुरू होतो.

२४ ऑगस्ट
ऐकणाऱ्याची जागा मोजली. दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर. फरशीवर खडूने फुली, फुलीवर खुर्ची. खुर्ची एक, बहिणी दोन. आळीपाळीने बसतील.
चाचणीसाठी माझंच एक जुनं भाषण लावलं. अप्रतिम. जमना पाच मिनिटांत मागच्या दाराने निघून गेली. म्हणजे त्या दाराची सवय झाली.

२५ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८
स्वागताचं भाषण तयार. विषय : ध्वनी आणि न्याय. अर्धा तास.

संध्याकाळी ६
धनीबाई आली, तिच्यामागे तांड्यातल्या आठ-दहा बाया. आमच्याकडे पाहुणी आली की बाया अंगणात बसतात. खोलीत कुणी शिरत नाही. हे मला साठ वर्षांपासून माहीत आहे. आराखड्यात राहून गेलं.
आईला आम्ही याडी म्हणतो. धनीबाईने उंबरठ्यातून डोकावून विचारलं, "भाऊजी, याडीले कोठडीत काहून कोंडलं?" आणि मी भाषणाचा कागद उघडेपर्यंत अँप्लिफायरसकट स्टूल ओढून ओट्यावर नेलं, दोन्ही स्पीकर एकावर एक रचले. एकावर एक! मी आक्षेप नोंदवला. जमना म्हणाली, "बसा ना तुमच्या फुलीवर."
बसलो.
कॅसेट लागली. सासूबाईंचा आवाज आला, जरा खरखरीत. जमनाने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या कडव्याला तीच आधी उठली, मग धनीबाई, मग सगळ्या. हात धरून गोल फिरत गाऊ लागल्या. मी आत डाव्या-उजव्याचा तोल तपासत होतो.
तेव्हा दिसलं की बोर्डाचा ताणलेला प्लग निसटून खाली पडला आहे. अँप्लिफायरचा लाल दिवा बंद. केव्हापासून, सांगता येत नाही.
प्लग उचलला, तोच धनीबाई धापा टाकत दारात. "भाऊजी, आता कसा साफ येऊन राह्यला याडीचा आवाज! काय केलं हो?"
मी प्लग पाठीमागे धरला. नम्रपणे सांगितलं की दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या आहेत.