‘लिटल’ आणि ‘अ लिटल’

बाबा,

तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आज सकाळी नात व्याकरणाचं पुस्तक घेऊन आली. मोजता येणारी आणि न येणारी नामं समजावून दे म्हणाली. डोकं दुखतंय असं सांगून मी तिला तिच्या आईकडे पाठवलं.

तो धडा तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवला होता. तेल्हाऱ्याजवळच्या आपल्या गावात तुम्ही हेडमास्तर, पण मुलींना चौथीपुढे शाळा नव्हती. आई गेल्यापासून आत्यानंच मला वाढवलेलं. ती चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि तुम्ही मळ्यातली वांगी एकेक करून माझ्यापुढे ठेवता आहात. ‘‘वांगे मोजता येते, म्हनून फ्यू. पीठ मोजता येत नायी, म्हनून लिटल.’’ मी विचारते, ‘‘पीठ तं आपन पायलीनं मोजतो ना?’’ ‘‘पायल्या मोजतो पोरी, पीठ नायी.’’ मग तुमचा आवाज कडक होतो. ‘‘लिटलच्या आंधी ‘अ’ असला तं थोडं तरी हाय. नसला तं संपल्यातच जमा. हे चुकू नको.’’ आत्या म्हणते, ‘‘जेवू दे तिले आता. इंग्रजीनं पोट भरते काय?’’

त्याच उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. आधी वेशीजवळच्या घरात, मग आपल्या गल्लीत. विहिरींत लाल दवा टाकत तुम्ही दोन दिवस फिरलात आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच खाटेवर पडलात. अकोल्याच्या डॉक्टरसाहेबाला कळवायला हवं होतं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं आणि गावात इंग्रजी लिहिणारं तुमच्यानंतर मीच. ‘‘लिव,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘दवा सरतच आली. लवकर या.’’ बाहेर कोतवाल चिठ्ठीसाठी खोळंबला होता. दारावरून एक तिरडी गेली, तिच्यामागे फक्त चार माणसं. मी लिहून चिठ्ठी त्याच्या हातात दिली. वाचून बघायची ताकद तुमच्यात नव्हती.

साहेब चौथ्या दिवशी आला. तोवर आत्या गेली होती. सकाळी तिनं तुम्हाला पेज पाजली, दुपारी तिला सुरू झालं आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. तुम्ही भिंत धरून उभे राहिलात. साहेबानं खिशातून माझी चिठ्ठी काढली. तुमच्याकडे थोडं औषध आहे असं लिहिलंत, पलीकडच्या गावात काहीच नव्हतं, म्हणून आधी तिकडे गेलो, असं तो शांतपणे म्हणाला. मी दाराआड उभी. चार ओळींची चिठ्ठी तुम्ही फार वेळ वाचलीत. मग इंग्रजीत म्हणालात, चूक माझी आहे, मीच तसं लिहायला सांगितलं.

त्या दिवसापासून तुम्ही हाक मारली की मला वाटायचं, आता विचारतील. अमरावतीला मुलींच्या शाळेत पोचवायला आलात, टांग्यात आपण दोघंच होतो. तुम्ही घसा खाकरलात आणि मी डोळे मिटून घेतले. ‘‘पानी उकळून पेत जाय,’’ तुम्ही म्हणालात, एवढंच. शेवटच्या आजारातही मी तुमच्या उशाशी बसायला भ्यायचे, पायांशी बसायचे.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला वाटलं असेल, पोर घाबरली आणि नियम विसरली. मी विसरले नव्हते, बाबा. आधी मी बरोबरच लिहिलं होतं. तेवढ्यात आत्या तुमच्यासाठी पाणी घेऊन आत आली, आणि तिच्याकडे बघून ‘संपल्यातच जमा’ म्हणणारं ते वाक्य मला तसं ठेववेना. ‘अ’ मी नंतर घातला, दोन शब्दांच्या मधे, बारीक करून.