हाक न मारता

कोल्हापूर

खैरुन आक्का,

तू ज्ञानूची खुशाली विचारलीस. तो इथंच पडलाय, माझ्या कोयत्यानं मान तुटून. हे पत्र मी तुला धाडणार न्हाय.

प्लेगात माळावर राहून परतलो, तर घर लुटलेलं. तवापासनं कोयता उशाला घेऊनच पडतो. आज दुपारी अंधाऱ्या माजघरात पावलं वाजली आणि मी दोन घाव घातले. चोर न्हवता गं, दुधाचा तांब्या घेऊन आलेला आपला शेजारचा ज्ञानू हुता.

लहानपणी त्यानं एकदा आपल्या दारातनं हाक मारली, तर आपली आई खवळली, "परका हायस व्हय रं?" तवापासनं त्याच्या घरच्या कुणीबी आत येताना हाक मारली न्हाय.

आता त्याची आई, बाळाबाई, त्याला शोधत अंगणात आलीय. तीबी सरळ आत येईल.

तुझा निसार