इरावतीला दृष्ट लागू नये म्हणून

मी, श्रीमती चंद्रिका माधवराव शेटे, वय ७६, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार कुसगाव, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज घरी बसून माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा हक्क असलेले गृहस्थ, म्हणजे माझे यजमान, नऊ वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांनाही ते कधी जमले नाही.

१. राहते घर, अंगणातल्या फणसासह, माझे एकमेव हयात अपत्य इरावती हिला मिळावे. पोस्टातली पुंजीही तिचीच.

२. माझा सूक्ष्मदर्शक शाळेला द्यावा. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नये.

३. जाऊबाई हिराबाई यांनी १९९१ साली नेलेला पितळी डबा परत मागू नये. त्याचे झाकण नीट बसत नाही, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

४. हे कलम लिहिताना तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का पाहिले. एकदा मागच्या दाराची कडी. तिसऱ्यांदा कशाला उठले ते आठवत नाही.

इरावतीच्या आधी मला वरद झाला. चौदा महिन्यांचा असताना त्याचे बोरन्हाण केले. काळे झबले, हलव्याचे दागिने. भरल्या घरात मी म्हणाले, "माझ्या वरदइतकं देखणं मूल अख्ख्या लोणावळ्यात नाही." आठवड्यात ताप मेंदूत चढला आणि तो गेला. सासूबाई म्हणाल्या, "आईचीच दृष्ट सगळ्यांत आधी लागते." पुढे तीस वर्षे मी फळ्यावर जंतूंची चित्रे काढली, मेंदूज्वर कशाने होतो ते मुलांकडून पाठ करून घेतले. घरी आल्यावर मात्र सासूबाईंचेच खरे वाटायचे.

म्हणून इरावतीला मी कधी चांगले म्हटले नाही. वर्गात पहिली आली, तर पेपर सोपे असतील. लग्नात शालू नेसून समोर आली, तर पदर सावर. एकदा तिने विचारले, "आई, मी तुला आवडत नाही का?" मी म्हणाले, "कणीक मळ." मला भीती वाटत होती, तिला वाटले, राग आहे.

गेल्या महिन्यात तिच्या मुलाला, श्रीयशला, बढती मिळाली. इरावती त्याला म्हणाली, "बघू, किती दिवस टिकते." आवाज माझाच होता. घर तिला माझ्यामागे मिळेल; हे मात्र मी जिवंतपणीच देऊन बसले.

तर लिहून ठेवते: इरावती देखणी आहे, हुशार आहे आणि मला जिवापाड आवडते. हे माझ्या पश्चात वाचावे. मेलेल्या माणसाची दृष्ट लागत नाही.

५. साक्षीला आमच्या शाळेचे जुने शिपाई, औंढ्याचे रखमाजी, आले आहेत. त्यांना वरचे कलम वाचून दाखवले. ते म्हणाले, "बाई, तुमी गेल्यावर तिनं हे घिऊन काय करायचं? पोरगी हितं वट्यावर बसलीया. आत्ताच सांगा की."

मी इरावतीला आत बोलावून वाचून दाखवले. तिने गाडीची किल्ली उचलली, "दूध आणते" म्हणाली आणि गेली.

याला पाऊण तास झाला. दुकान कोपऱ्यावर आहे. रस्त्यावर धुके आहे. फोन उचलत नाही. मी मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या. जिच्यावरून ओवाळायच्या, तीच घरात नाही. दुसरे साक्षीदार, शेजारचे अतुल, म्हणतात, "काकू, सही करून टाका." ती येईपर्यंत मी सही करणार नाही.

६. चार वाजून दहा मिनिटे. आली. दूध आणलेच नाही. वळणावर गाडी लावून रडत बसले होते, म्हणते. डोळे सुजले आहेत, केस विस्कटले आहेत. मी उठून तिच्या तोंडावर म्हणाले, "सुंदर दिसतेस."

ती म्हणाली, "आधी चष्मा लाव."

लावला. मत तेच आहे. सही करते.

चंद्रिका माधवराव शेटे

वरील सही बाईंनी आमच्या समोर केली. आम्ही दोघांनी त्यांच्या समोर केली.
साक्षीदार: १. रखमाजी दगडू आंबेकर, औंढे
२. अतुल विनायक गुंड, कुसगाव

ठिकाण: कुसगाव
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५