गच्चीवरचा फोन

४ फेब्रुवारी
आजही दवाखान्याचा व्हिडिओ कॉल टाळला. घरात रेंज नाही, गच्चीवरच मिळते. बाळ दाखवायचं म्हणजे तिला घेऊन वर जायचं. डोकं दुखतंय म्हटलं. सासूबाई बाळंतपणापासून मला एकटीला सोडतच नाहीत — अंघोळीला गेले तरी दाराबाहेर उभ्या. चोरावर पाळत ठेवावी तशा!

५ फेब्रुवारी
इथे तरी खरं लिहिते. गच्चीचा कठडा बुटका आहे. वर गेलं की वाटतं, माझे हात आपणहून पुढे होतील आणि बाळ सुटेल. मला नको असताना. खाली आले, ती कुशीत झोपली, तरी डोळ्यांपुढे तेच.

८ फेब्रुवारी
झोप नाही. सासूबाई बाळ आणून देतात. पाजते, लगेच परत देते.

११ फेब्रुवारी
सासूबाईंनी बाळाला उचललं आणि मला जवळजवळ ओढतच वर नेलं. फोनवर शहरातल्या सिस्टर. टाके, ताप, दूध — सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, गच्चीच्या दाराची कडी का धरून बसलाय? मी कडी सोडली नाही. त्यांनी सासूबाईंना बाळ घेऊन खाली जायला सांगितलं.
"आता बोला. मला घाई नाही."
बोलले. वाटलं, आता बाळ काढून घेतील.
"असे विचार पुष्कळ बाळंतिणींना येतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यांची भीती वाटते, कारण ते तुम्हाला नकोच आहेत. पण हे एकटीने सोसायचं नाही."
उद्या डॉक्टरीणबाई फोनवर बोलतील. तोवर घरात कुणाला तरी सांगायचं. नवरा कामासाठी लांब. राहिल्या सासूबाई.

१२ फेब्रुवारी
सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. हात थांबले, नळ वाहत राहिला.
डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. अंगावर पाजताना चालतात म्हणाल्या. सिस्टर एक दिवसाआड फोन करणार.

१९ फेब्रुवारी
गाढ झोपले! विचार अजून येतो, पण ठाण मांडून बसत नाही.

१४ मार्च
सिस्टरांशी बोलून झालं. फोन ठेवणार, तोच सासूबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं आणि फोन मागून घेतला.
"मलाही विचारा की हे सगळं," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "माझ्या वेळी कुणी विचारलं नाही. हिच्या नवऱ्याआधी मला एक मुलगी होती. म्हणून तर हिला एकटीला सोडत नव्हते."
त्या मुलीबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. बाळाला घट्ट धरून मी एकटीच जिना उतरले.